घरगुती स्वच्छता-द्रव्यांची विषबाधा: आयसीडी-१० चा कोड कसा काढावा

केस पेपरवर ‘फिनेल प्यायले’, ‘अ‍ॅसिड पोटात गेले’ किंवा नुसते ‘अननोन पॉयझनिंग’ असे लिहून आले, की वैद्यकीय अभिलेख विभागातला कर्मचारी बहुधा टी६५.९ हा कोड लावून मोकळा होतो. टी६५.९ म्हणजे अनिर्दिष्ट पदार्थाचा विषारी परिणाम. हा कोड चुकीचा ठरत नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. आणि खेदाची बाब अशी, की पदार्थाचे नाव बहुतेक वेळा त्याच केस पेपरच्या मागच्या पानावर, परिचारिकेच्या नोंदीत किंवा एंडोस्कोपीच्या अहवालात लिहिलेले असते. ते शोधून नेमका कोड कसा काढावा, याची रीत पुढे दिली आहे. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर, म्हणजे आजार, इजा आणि त्यांची कारणे यांना कोड देणाऱ्या वर्गीकरणावर आधारलेली आहे. पुणे, नवी मुंबई किंवा नागपूर येथे बसून अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करणाऱ्यांना आयसीडी-१०-सीएम ही अमेरिकी आवृत्ती वापरावी लागते, त्याचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत. ते शेवटाकडे सांगितले आहेत.

एका रुग्णाच्या नोंदीतून तीन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे काढायची असतात: पदार्थ कोणता होता, त्याने शरीराचे काय केले, आणि तो शरीरात कसा गेला, म्हणजे अपघाताने, स्वतःहून, की दुसऱ्याने दिल्यामुळे. ही तीन उत्तरे पुस्तकाच्या वेगवेगळ्या भागांत आहेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नसतो. सर्वाधिक गफलती पहिल्या प्रश्नात होतात, म्हणून त्यावर अधिक वेळ द्यावा.

बाटलीचे नाव नव्हे, आतले रसायन

स्वच्छता-द्रव्ये असा एकच गट आयसीडी-१० मध्ये नाही. मुख्यत्वे औषधी नसलेल्या पदार्थांचे विषारी परिणाम टी५१ ते टी६५ या विभागात येतात आणि तिथली वर्गवारी रसायनाच्या जातीवर आहे. त्यामुळे एकाच मोरीतल्या चार बाटल्यांना चार वेगळे कोड लागतात. सुरुवात तिसऱ्या खंडातल्या तिसऱ्या विभागापासून, म्हणजे औषधे व रसायनांच्या तक्त्यापासून करावी, आणि तिथे मिळालेला कोड पहिल्या खंडात उघडून, त्याखालच्या समावेश-वगळणीच्या टिपा वाचूनच कायम करावा. तक्त्यावरून थेट कोड उचलण्याची सवय जितकी लवकर सुटेल तितके बरे.

संडास साफ करण्याचे द्रव आपल्याकडे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लाचे असते. किराणा दुकानात सुटे मिळणारे ‘अ‍ॅसिड’ही तेच. यांचा कोड टी५४.२, म्हणजे दाहक आम्ले व आम्लसदृश पदार्थ. गंजाचे डाग काढणारे ऑक्झॅलिक आम्लही याच कोडात बसते. तुंबलेली मोरी मोकळी करण्याचे दाणे कॉस्टिक सोड्याचे असतात, त्यांना टी५४.३, म्हणजे दाहक अल्कली. घरगुती द्रव अमोनियाही टी५४.३ मध्येच येतो, पण अमोनियाची नुसती वाफ नाकात गेली असेल तर तो टी५९.८ होतो. कपड्यांचा साबण, धुण्याची पावडर, भांडी घासण्याचे द्रव यांना टी५५. नीळ रंगद्रव्याची असेल तर टी६५.६. काच पुसण्याचे द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलचे असल्याचे लेबलवर दिसले तर टी५१.२. कपाटातल्या डांबर गोळ्या स्वच्छतेच्या सामानात विकल्या जात असल्या तरी नॅफ्थलीन कीटकनाशकांत, टी६०.२ मध्ये मोडते. डाग काढण्यासाठी किंवा यंत्र पुसण्यासाठी ठेवलेले रॉकेल मात्र टी५२.० मध्ये जाते.

ब्लीच हा शब्द फसवा आहे. तक्त्यात नुसते ‘ब्लीच’ शोधले, तर टी५४.९, म्हणजे अनिर्दिष्ट दाहक पदार्थ, असे उत्तर येते. तेच ‘सोडियम हायपोक्लोराइट’ म्हणून शोधले, तर टी५४.३ येते. म्हणजे डॉक्टरांनी डिस्चार्ज समरीत एक शब्द अधिक लिहिला असता, तर कोड एका पायरीने नेमका झाला असता. कोडिंग करणाऱ्याने मात्र तो शब्द स्वतःच्या मनाने भरायचा नसतो.

फिनेलची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. काळे फिनेल डांबरातून निघणाऱ्या फेनॉलच्या कुळातले असते. जंतुनाशक म्हणून वापरलेले फेनॉल टी५४.० मध्ये येते. पांढरे फिनेल हे बहुधा पाइन तेलाचे दुधाळ मिश्रण असते आणि पाइन तेलाचा जंतुनाशक म्हणून कोड टी६५.८ आहे. फेनॉल त्वचेतूनही अंगात भिनते आणि रुग्णाची अवस्था झपाट्याने बिघडवू शकते; पाइन तेलात धोका असतो तो प्रामुख्याने ठसका लागून ते फुप्फुसात जाण्याचा. दोन्ही बाटल्यांना घरात ‘फिनेल’च म्हणतात, म्हणून केस पेपरवर केवळ हा शब्द असेल, तर ‘काळे की पांढरे’ एवढे तरी विचारून घ्यावेच.

सुगंधी फरशी-क्लीनरांपैकी अनेकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. ते तक्त्यात टी५४ किंवा टी५५ मध्ये न सापडता टी४९.० मध्ये, म्हणजे त्वचेवर लावायच्या जंतुनाशक औषधांत सापडते, कारण तो पदार्थ मूळचा तिथे ओळखला जातो. फरशी पुसण्याचे द्रव औषधांच्या रांगेत बसलेले पाहून नवख्याला हा छापखान्याचा दोष वाटतो. तसा तो नाही. पण पदार्थ औषधांच्या गटात गेला की बाह्य कारणाचा, म्हणजे तो शरीरात कसा गेला हे सांगणारा, कोडही बदलतो आणि अपघातासाठी एक्स४९ (अन्य रसायने) ऐवजी एक्स४४ (औषधे) होतो, हे ध्यानात ठेवावे.

ब्रँडच्या नावावर विसंबणे का टाळावे, हेही यावरून कळेल. हार्पिक या एकाच नावाखाली आम्लाचे टॉयलेट क्लीनर मिळते, तसे ब्लीचचेही मिळते. उत्पादक मिश्रण बदलतात, नाव तेच ठेवतात. नातेवाइकांना रिकामी बाटली घेऊन यायला सांगावे, निदान मोबाइलवर लेबलचा फोटो मागवावा आणि तो केस पेपरला जोडावा. लेबलही नसेल, तर उपचार करणारे डॉक्टर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राकडे विचारणा करू शकतात. तिथून मिळालेले उत्तर डॉक्टरांनी नोंदीत उतरवले, की ते कोडिंगला आधार म्हणून चालते.

दोन द्रव्ये एकत्र झाली तर

दिवाळीच्या साफसफाईत नेहमी घडणारा प्रकार असा: संडासात आधी आम्लाचे क्लीनर ओतले जाते, डाग निघाला नाही म्हणून वरून हायपोक्लोराइटचे ब्लीच ओतले जाते, आणि बंद खोलीत क्लोरीन वायू तयार होतो. रुग्ण खोकत, डोळे चोळत येतो. इथे काहीही पोटात गेलेले नाही, त्यामुळे टी५४.२ नाही आणि टी५४.३ही नाही. विषारी पदार्थ क्लोरीन आहे आणि त्याचा कोड टी५९.४. बाह्य कारण एक्स४७, म्हणजे अन्य वायू व वाफांची अपघाती विषबाधा.

पण डॉक्टरांनी ‘केमिकल न्यूमोनायटिस’, म्हणजे रसायनामुळे फुप्फुसाचा दाह, असे निदान लिहिले असेल, तर टी५१ ते टी६५ या विभागाच्या माथ्यावरची टीप वाचावी. बाह्य घटकांमुळे होणारे श्वसनविकार, म्हणजे जे६० ते जे७०, या विभागातून वगळले आहेत. मग मुख्य कोड जे६८.० आणि सोबत एक्स४७. फुप्फुसात पाणी झाले असेल तर जे६८.१. रॉकेलसारखे तेलकट द्रव गिळताना फुप्फुसात उतरले असेल, तर मात्र जे६९.१ पाहावा.

शरीराचे काय झाले

त्याच टिपेतली दुसरी वगळणी अधिक महत्त्वाची आहे: रासायनिक भाजणे, म्हणजे टी२० ते टी३२. आम्ल किंवा अल्कली गिळल्याने तोंड आणि घसा भाजला असेल तर टी२८.५, अन्ननलिका भाजली असेल तर टी२८.६, जठर किंवा पुढचा भाग भाजला असेल तर टी२८.७. स्वरयंत्र आणि श्वासनलिका भाजली असेल तर टी२७.४. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले असेल तर भागानुसार कोड लागतो. डोळ्याच्या पारपटलाला आणि नेत्रश्लेष्मलेला इजा असेल तर टी२६.६. त्वचेच्या मोठ्या भागावर पडले असेल तर शरीराचा किती टक्के भाग भाजला हे दाखवणारा टी३२ जोडता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकानुसार पाहिले, तर फक्त अन्ननलिका भाजलेल्या आणि रक्तात विष न भिनलेल्या रुग्णाचा मुख्य कोड टी२८.६ ठरतो, टी५४.२ नव्हे. यात एक उणीव राहते, ती उघड मान्य केलेली बरी. बाह्य कारणाचा कोड एक्स४९ हा आम्ल, अल्कली, साबण अशा सर्वांना एकच आहे. त्यामुळे टी५४ गाळला, की आम्ल होते की अल्कली, ही माहिती आकडेवारीतून नाहीशी होते. आम्लाने जठर अधिक जळते, अल्कली अन्ननलिकेत खोल शिरते, आणि पुढचे उपचार त्यावर बेतलेले असतात; तेव्हा ही माहिती गमावणे परवडणारे नाही. पदार्थाची ओळख राहावी म्हणून टी५४.२ किंवा टी५४.३ अतिरिक्त कोड म्हणून ठेवायचा असेल, तर आपल्या विभागाने तसा लेखी नियम करावा आणि तो सर्व नोंदींना सारखा लावावा. एकाने लावायचा आणि दुसऱ्याने गाळायचा, असे झाले तर ती आकडेवारी कुचकामी ठरते.

सार्वदेहिक, म्हणजे विष रक्तात भिनल्याने सगळ्या शरीरावर झालेले परिणाम नोंदलेले असतील, तेव्हा हा प्रश्न उरत नाही. ऑक्झॅलिक आम्ल प्यायलेल्या रुग्णाला तीव्र मूत्रपिंड-विकार झाला असेल, तर टी५४.२ सोबत एन१७.९ लागेल. रक्तातील आम्लता वाढल्याचे डॉक्टरांनी निदान म्हणून लिहिले असेल, तर ई८७.२. मात्र प्रयोगशाळेच्या कागदावर आकडा कमी-जास्त दिसला म्हणून कोडिंग करणाऱ्याने स्वतः निदान करू नये.

एंडोस्कोपीच्या अहवालात ‘झारगर २बी’ अशासारखी नोंद असते. ही अन्ननलिका व जठराच्या इजेची श्रेणी आहे. आयसीडी-१० मध्ये ती दाखवायला जागा नाही, पण त्या अहवालात कोणता अवयव जळला हे स्पष्ट लिहिलेले असते. टी२८.५, टी२८.६ आणि टी२८.७ यांपैकी कोणते कोड लागू होतात हे ठरवण्यासाठी समरीपेक्षा हा कागद अधिक कामाचा ठरतो. दोघांत तफावत आढळली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या हाताला साबणाने खाज-चट्टे आले, तर ती टी५५ ची विषबाधा नव्हे. तो डिटर्जंटमुळे झालेला त्वचादाह आहे आणि त्याचा कोड एल२४.०.

हेतू: अंदाज करायचा नाही

बाह्य कारणांचा अध्याय हेतूनुसार विभागलेला आहे. आम्ल, अल्कली, साबण यांसाठी अपघात असेल तर एक्स४९, स्वतःहून प्यायले असेल तर एक्स६९, हेतू ठरवता येत नसेल तर वाय१९. वायूसाठी हीच ओळ एक्स४७, एक्स६७, वाय१७ अशी जाते. रॉकेल आणि सेंद्रिय द्रावकांसाठी एक्स४६, एक्स६६, वाय१६. डांबर गोळ्यांसाठी एक्स४८, एक्स६८, वाय१८. दुसऱ्याने हल्ला केला असेल तर तक्त्यात उत्तर मिळणार नाही, कारण त्यात हल्ल्याचा रकानाच नाही. त्यासाठी तिसऱ्या खंडाचा दुसरा विभाग उघडावा लागतो. दाहक पदार्थाने केलेल्या हल्ल्याचा कोड एक्स८६ आहे आणि अ‍ॅसिड फेकण्याचे गुन्हे त्यात येतात.

आपल्याकडे हेतूची नोंद अवघड होते, कारण विषबाधेचा रुग्ण आला की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यक-कायदेशीर नोंद होते आणि नातेवाईक पोलिसांच्या धास्तीने ‘चुकून प्यायले’ असे सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, हे अनेक कुटुंबांच्या गावीही नसते. कोडिंग करणाऱ्याने पोलिसाची भूमिका घेऊ नये आणि नातेवाइकांचीही घेऊ नये. ‘पंचवीस वर्षांची बाई, घरात भांडण, म्हणजे एक्स६९’ असा तर्क कितीही खरा वाटला, तरी तो कोड होऊ शकत नाही. डॉक्टरांनी हेतू लिहिलेला असावा लागतो.

लिहिलेला नसेल तर विचारणा करावी, पण उत्तर सुचवून नव्हे. ‘रुग्णाने आत्महत्येचा प्रयत्न केला असे नोंदवावे का?’ हा प्रश्न चुकीचा. योग्य विचारणा अशी असते: ‘दाखल नोंदीत टॉयलेट क्लीनर पोटात गेल्याचा उल्लेख आहे, समरीत हेतूची नोंद नाही. आपल्या वैद्यकीय मतानुसार कृपया एक पर्याय नोंदवावा: अपघाती, हेतुतः स्वतःला इजा, दुसऱ्याने दिलेले, उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही.’ खाली डॉक्टरांची सही, तारीख आणि वेळ घ्यावी, आणि तो कागद केस पेपरमध्येच लावावा. ‘ठरवता येत नाही’ असे उत्तर आले, तरच वाय१९ लावावा. काहीच न लिहिणे आणि ठरवता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यानंतर घटनास्थळ. एक्स४९ पुढे बिंदू देऊन चौथा अंक लागतो: घर असेल तर शून्य, शाळा किंवा सार्वजनिक संस्था असेल तर दोन, दुकान-हॉटेल असेल तर पाच, कारखाना असेल तर सहा, ठिकाण माहीत नसेल तर नऊ. वॉर्डात सफाईसाठी ठेवलेले फिनेल रुग्णानेच पाणी समजून प्यायले, तर रुग्णालयही ‘दोन’मध्येच येते. हा चौथा अंक सर्रास गाळला जातो, वास्तविक तो काढायला फारसे काही करावे लागत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. तीन वर्षांच्या मुलाने घरी, थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले संडासाचे अ‍ॅसिड प्यायले. डॉक्टरांनी ‘अपघाती’ असे लिहिले आहे. एंडोस्कोपीत तोंड आणि अन्ननलिका भाजलेली दिसली, जठर ठीक आहे, रक्ततपासणीवरून कोणतेही सार्वदेहिक निदान केलेले नाही. कोड टी२८.६ मुख्य, टी२८.५ सोबत, एक्स४९.० बाह्य कारण. विभागाचा नियम असेल तर पदार्थासाठी टी५४.२. याच मुलाच्या हातात बाटली सापडली, पण तपासणीत आणि निरीक्षणात काहीच निघाले नाही व डॉक्टरांनी विषबाधेची शंका फेटाळली, तर यांतला एकही कोड न लावता झेड०३.६ लावावा. शंका फेटाळलेल्या मुलांना सरसकट टी५४ लावल्याने विषबाधेचे आकडे फुगतात.

अमेरिकी नोंदींसाठी

आयसीडी-१०-सीएम अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. त्यात हेतू पदार्थाच्या कोडातच गुंफलेला असतो. अपघाताने आम्ल प्यायलेल्या, सक्रिय उपचार सुरू असलेल्या रुग्णाचा कोड टी५४.२एक्स१ए होतो. सहाव्या जागी एक म्हणजे अपघात, दोन म्हणजे स्वतःहून, तीन म्हणजे हल्ला, चार म्हणजे न ठरलेला हेतू. शेवटचे अक्षर ए सक्रिय उपचारासाठी, डी पुढील देखभालीसाठी, एस उशिराच्या परिणामासाठी. हेतू कोडातच असल्यामुळे एक्स४९ वेगळा लागत नाही. टी५५ चे इथे दोन भाग आहेत: साबण टी५५.० आणि डिटर्जंट टी५५.१. कपडे धुण्याची कॅप्सूल चावलेल्या मुलाला दुसरा लागतो.

भाजण्याच्या बाबतीत क्रम उलटा होतो. इथे पदार्थाचा टी५४ आधी आणि टी२८ नंतर लिहायचा असतो. हेतूची काहीच नोंद नसेल तर अपघात धरावा, आणि ‘न ठरलेला’ हा पर्याय नोंदीत तसे स्पष्ट लिहिले असेल तेव्हाच वापरावा, असे तिथले मार्गदर्शक नियम सांगतात. घटनास्थळासाठी वाय९२ चे तपशीलवार कोड आहेत. स्वतंत्र घराच्या स्वयंपाकघरासाठी वाय९२.०१०. दोन्ही पद्धतींवर एकाच दिवशी काम करणाऱ्यांनी टेबलावर एका वेळी एकच पुस्तक उघडे ठेवावे.

उशिराचे परिणाम आणि मृत्यू

अ‍ॅसिड प्यायलेला रुग्ण काही महिन्यांनी गिळता येत नाही म्हणून परत येतो. अन्ननलिका आकसली असेल तर आजचे दुखणे के२२.२ आहे आणि तोच मुख्य कोड. डॉक्टरांनी तो जुन्या भाजण्याचा परिणाम म्हणून नोंदवला असेल, किंवा मूळ इजेला एक वर्ष वा अधिक काळ लोटला असेल, तर टी९५.८ जोडावा. बाह्य कारण तेव्हाच्या हेतूनुसार: अपघात असेल तर वाय८६, स्वतःहून असेल तर वाय८७.०. त्यासाठी रुग्ण पहिल्यांदा दाखल झाला तेव्हाचा केस पेपर काढावा लागतो. प्रत्येक वेळी अन्ननलिका रुंदावण्यासाठी येणाऱ्या रुग्णाला नव्याने टी२८.६ लावणे म्हणजे एकच घटना अनेकदा मोजणे होय.

मृत्यूच्या कोडिंगमध्ये मुख्य कोडाची जागा बदलते. दाखल रुग्णाच्या नोंदीत इजेचा कोड मुख्य असतो. मृत्यूचे मूळ कारण म्हणून मात्र बाह्य कारणाचा कोड निवडला जातो आणि टी-कोड त्याला जोडून ठेवतात. नमुना ४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, पहिल्या ओळीवर ‘सेप्टिक शॉक’, दुसऱ्यावर ‘जठर फुटणे’ आणि तिसऱ्यावर ‘आम्ल प्राशन’ असेल, तर मूळ कारण एक्स४९, एक्स६९ किंवा वाय१९ यांपैकी एक ठरते, आणि कोणते ते ‘मृत्यूचा प्रकार’ या रकान्यावर अवलंबून असते. ‘चौकशी प्रलंबित’ असे लिहिले असेल, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला असेल, तर उपलब्ध माहितीवर वाय१९ लावून नोंद वेगळी काढून ठेवावी, आणि रासायनिक पृथक्करणाचा अहवाल व डॉक्टरांचे अंतिम मत आले की कोड दुरुस्त करून दुरुस्तीची तारीख लिहावी. अहवालातून फक्त पदार्थ कळतो, हेतू नाही. तेव्हा अहवालात हायड्रोक्लोरिक आम्ल आढळले तर टी५४.२ कायम होईल, वाय१९ मात्र अंतिम मतात हेतू लिहिला गेल्यावरच बदलेल.